दोन घरांत वाटलेल्या चौघी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. कडेला थोडी गंजलेली, आणि पाठीवरच्या चिकटपट्टीवर शाईने 'तीन' असा आकडा लिहिलेली. गोड गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल तर आधीच सांगते, माझ्या मनात माणसांविषयी बराच राग साठला आहे. तो लपवून बोलणे मला जमणार नाही.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. धुळीचा कण शिरू नये म्हणून तिथल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. आमच्या पोटातल्या आरशासारख्या चकत्यांवर त्यांनी कधी फुंकरसुद्धा पडू दिली नाही. तिथून जहाजाने मी फिलिपिन्सला आले आणि पनाय बेटावरच्या एका किनाऱ्याच्या गावात, तेओफिलो नावाच्या फोटोग्राफरच्या दुकानात पोचले. सगळे गाव त्यांना तातय पिलो, म्हणजे पिलोबाबा, म्हणत असे.

तातयनी माझ्यासारख्या चौघी एकाच सर्व्हरमध्ये बसवल्या आणि लिनक्स नावाच्या प्रणालीकडून आमचा एक संच बांधून घेतला. अशा संचाला रेड म्हणतात. त्याची रीत अवघड नाही. फोटो आला की त्याचे तुकडे होत. ते आम्ही आपसांत वाटून घेत असू आणि जोडीला एक जादा हिशेबही लिहून ठेवत असू. एखादी आजारी पडली तर उरलेल्या तिघी त्या हिशेबावरून तिचा वाटा पुन्हा मांडू शकत. मात्र दोघी गेल्या, की उरलेल्या दोघींजवळ नुसता चुरा राहतो.

मित्रांनो, तो काळ चांगला होता. बाप्तिस्मे, लग्ने, सांतो निन्योची म्हणजे बाळ येशूची जत्रा, शाळेतून पास होऊन निघालेली पोरे, शवपेटीशेजारी रांगेने उभे राहिलेले नातेवाईक, सगळे आमच्यात येऊन राहिले. तातय रंगाच्या मऊ ब्रशने सर्व्हरच्या पंख्यावरची धूळ झाडत. पिलोकडे गेले की मेलेला माणूसही सापडतो, असे गावात म्हणत. ते ऐकून आम्हा चौघींना भारी वाटे.

मग तातयच गेले.

त्यांना दोन मुले. थोरली फेली त्यांच्याबरोबर दुकान आणि सर्व्हर सांभाळायची. धाकटा अन्सेल्मो शहरात लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा करायचा. वडील इतके आजारी होते हे आपल्याला कळवलेच नाही, असे तो शवपेटीपाशीच म्हणाला. दुसऱ्यांच्या लग्नांतून सवड मिळाली असती तर कळले असते, असे ती म्हणाली. मयताची रात्र जागवायला तिथे पत्ते खेळत बसलेल्यांचे हात थांबले. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जाईना.

वाटणी गावच्या कप्तानापुढे, म्हणजे तिथल्या सरपंचापुढे, झाली. कॅमेरे वाटले, दिवे वाटले, आणि मग आमची पाळी आली. चार डिस्क आणि दोन वारस, म्हणजे प्रत्येकी दोन, असे कप्तानाने सांगून टाकले. कोंबड्याही त्याने अशाच वाटल्या होत्या. दोघींना दोघींपासून तोडले तर काहीच उघडणार नाही, हे फेलीला माहीत होते. तिने ते सांगितलेही. पण सगळे स्वतःकडे ठेवायची ही युक्ती आहे, असे अन्सेल्मो म्हणाला. तेव्हा तिला इतका राग आला, की तिने स्वतःच मला आणि चौथीला ओढून काढले आणि त्याच्या हातात कोंबले.

"ने, तोतो. माझ्याकडे नाही उघडणार, तशा तुझ्याकडेही नाही उघडणार."

धाकट्या भावाला लाडाने तोतो म्हणतात. तिने ते थुंकल्यासारखे म्हटले.

शहरात त्याने आम्हा दोघींना आपल्या कॉम्प्युटरला जोडले. कॉम्प्युटरला आमची भाषा कळेना. डिस्क कोरी दिसते, पुसून नव्याने वापरू का, असे त्याने पडद्यावर विचारले. अन्सेल्मोचे बोट बराच वेळ त्या बटणावर होते. शेवटी त्याने वायर उपटली आणि आम्हाला मोज्यांच्या खणात फेकले. तिथे आम्ही पडून राहिलो. माझा राग तिथलाच आहे.

त्यानंतर वादळ आले आणि समुद्र गावात शिरला. हे मला नंतर कळले. दुकान गेले, जुना सर्व्हर गेला. फेलीने माझ्या दोन बहिणींना तांदळाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घातले, डबा डोक्यावर धरला आणि छातीभर पाण्यातून ती चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली. पाणी ओसरले तेव्हा गावात एकाही घरात फोटोचा अल्बम उरला नव्हता. आपल्या मेलेल्या माणसांचे चेहरे मागायला लोक फेलीच्या दाराशी यायला लागले. तिने एक वापरलेला कॉम्प्युटर मिळवला, त्यावर लिनक्स चढवले आणि आपल्या दोघी त्याला जोडल्या. नव्या सर्व्हरने चौघींपैकी दोघीच असल्याचे ओळखले आणि संच सुरू करायला नकार दिला. तो बरोबरच होता.

येणाऱ्यांत लोला सोरिंग, म्हणजे सोरिंग आजी, म्हणून एक म्हातारी होती. तिचा नवरा आणि जोवेलिन नावाची नात, दोघे समुद्राने नेले. प्रेते मिळालीच नाहीत. फोटोशिवाय नुसत्या क्रुसासमोर मेणबत्ती लावताना तिला लाज वाटे. तिला सगळा प्रकार कळला, तशी ती बस पकडून शहरात आली आणि अन्सेल्मोच्या दुकानाच्या पायरीवर बसली. लग्नाचे गिऱ्हाईक तिला ओलांडून आत जाऊ लागले.

"माझ्या बहिणीनं पाठवलं का तुम्हाला?" त्याने विचारले.

"तिनं हाकललं मला. म्हणाली, अर्धं अन्सेल्मोकडे आहे. ते अर्धं मागायला आलेय."

ती उठेना. त्याने खण उघडला.

पुढच्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, तो आम्हाला घेऊन गावात आला. फेलीने शाळेच्या एका खोलीत नवा सर्व्हर मांडला होता. त्याने आम्हाला तिच्या हातात दिले नाही, स्वतःच बसवू लागला. कोणती डिस्क कोणत्या जागी हे त्याला ठाऊक नव्हते. फेली त्याच्याकडे न बघता म्हणाली, की कुठेही लावलीस तरी चालेल, त्यांचं नाव त्यांच्याच अंगावर लिहिलेलं असतं. खरे होते ते. कोणत्या संचातली, कितवी, हे प्रत्येकीच्या पोटात नोंदलेले असते.

सर्व्हर सुरू झाला आणि दोन नंबरची बहीण टकटक करू लागली. तिच्यात खारे पाणी शिरले होते. थोड्या वेळाने ती टकटकही थांबली.

"ओली ठेवलीस ना?" अन्सेल्मो म्हणाला.

"डोक्यावर धरून नेली मी. तू कुठे होतास?"

आता तिघी उरलो. आणखी एक गेली असती तर सगळे संपले असते. घाबरलेल्या अन्सेल्मोने फोनवर कुठली तरी माहिती शोधली आणि संच नव्याने तयार करण्याचा हुकूम तो टंकू लागला. फेलीने त्याच्या मनगटावर इतक्या जोराने मारले की फोन खाली पडला.

"तयार नाही करायचा. जोडायचा. तयार केलास तर यांच्या अंगावरची जुनी नावं पुसून तिथे नवी लिहिली जातील. तातयना दुसऱ्यांदा पुरायचंय का तुला?"

तो बाजूला सरकला. तिने नुसता जोडण्याचा हुकूम दिला, काही लिहायचे नाही, फक्त वाचायचे, अशी ताकीद देऊन. तिघींनी एकमेकींना ओळखले आणि संच उभा राहिला. जुन्या घरात आमच्या संचाचा नंबर शून्य होता. नव्या सर्व्हरने आम्हाला एकशे सत्तावीस म्हटले. परक्या घरच्या संचाला लिनक्स असेच लांबचे आकडे देते. मला वाईट वाटले, पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

मग सगळे दुसरीकडे उतरवून घेण्याचे काम सुरू झाले. खणात पडून माझ्या चकतीवरची काही ठिकाणे निकामी झाली होती. मी तेच तेच पुन्हा वाचत राहिले, तापले. अन्सेल्मोने विणलेला पंखा घेतला आणि बहिणीकडे पाठ करून मला वारा घालत बसला. एका वर्षीच्या बास्केटबॉलच्या सामन्यांचे फोटो मला देता आले नाहीत. दोन लग्नेही गेली. बाकी सगळे दिले.

लोला सोरिंगचा नवरा आपल्या होडीसमोर उभा असलेला सापडला. जोवेलिनचा मात्र स्वतंत्र फोटो नव्हता. कोणा दुसऱ्याच्याच बाळाच्या बाप्तिस्म्यात, अगदी कडेला, केळीच्या पानातला गोड भात खात ती कॅमेऱ्याकडे बघत होती. म्हातारीने पडद्यावर बोट टेकवले. आता ती आभार मानील, असे दोघांनाही वाटले असावे.

"ही पोर दोनदा बुडाली," ती म्हणाली. "एकदा समुद्रात. एकदा तुमच्या घरात."



समेट झाला नाही, मित्रांनो. दोघांनी आपापली पूर्ण प्रत मागितली, कारण दुसरा नीट सांभाळील यावर कोणाचाच भरवसा नव्हता. म्हणून आज एक प्रत गावात आहे आणि एक शहरात. फेली नवे फोटो पाठवते. तो 'मिळाले' एवढे लिहितो. भावाबहिणीत तेवढेच बोलणे उरले आहे.

आता मी शाळेच्या खिडकीत पडून आहे. मला कोणी जोडणार नाही, आणि जोडले तरी माझ्यावर विसंबू नये. तुम्हाला एकच सांगते. चौघींना एका पेटीत बांधले म्हणजे जपले, असे समजू नका. त्या पेटीवर समुद्र येतो, रागही येतो. जे जपायचे त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. भांडायचेच असेल तर खुशाल भांडा. पण ज्या पेटीत दुसऱ्यांची माणसे ठेवली आहेत, तिची वाटणी करू नका.