मध्यम किमतीचे घड्याळ

माझे मनगटी घड्याळ बंद पडले, त्या संध्याकाळपासून माझी पत्नी द्वारका माझ्या मागे राहू लागली. चालताना नव्हे, काळात. प्रथम अंतर अल्प होते. मी पूजा आटोपून उठत असे तेव्हा ती परडी घेऊन फुले तोडायला निघालेली असे. पुढे ते वाढले. मी दुपारी जेवायला बसलो की ती सकाळचा चहा घेऊन अंगणातल्या झोपाळ्यापाशी जाई. झोपाळा रिकामा असे. कप मात्र रिकामा होऊन परत येई.

मला खानावळीचा डबा लावावा लागला. तिचा स्वयंपाक उत्तमच होत होता, परंतु तो सकाळच्या मला वाढला जात होता.

आमच्या घरात घड्याळ माझे आणि चावी तिची, अशी व्यवस्था होती. दिवेलागणीला मी घड्याळ मनगटावरून सोडून तिच्या तळहातावर ठेवी. ती पदराने काच पुसे, चावी देई, कानाशी धरून ऐके, आणि मगच देवापाशी दिवा लावी. विवाहानंतर पहिल्या संध्याकाळी असे घडले म्हणून पुढे प्रत्येक संध्याकाळी घडले. याहून निराळे कारण आम्हाला कधी लागले नाही. त्या संध्याकाळी तिच्या बोटांखाली आतील स्प्रिंग तुटली. "गेलं, अहो," एवढेच ती म्हणाली. दुरुस्ती करणाऱ्याने भिंगातून पाहून सांगितले की याचे भाग आता कोणी घडवीत नाही.

बंगळुरूहून चिरंजीवांनी फोनवर एक घड्याळ पाठवू का म्हणून विचारले. ते म्हणे पावले मोजते, नाडी पाहते आणि फार बसून राहिल्यास रागावते. मी द्वारकेला विचारले. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिचे उत्तर आले: "त्याला चावी कुठून द्यायची? आणि रागवायला मी आहे की."

तेव्हा पेन्शनमधून बाजूला काढलेल्या रकमेत बसेल असे घड्याळ मीच घ्यावे, हे ठरले. येथे माझ्या हातून शास्त्राला अनुसरून एक चूक झाली. नवी वस्तू गुरुपुष्य योगावर घ्यावी म्हणून मी थांबलो. पंचांगात योगाचा प्रारंभ मिनिटापर्यंत दिलेला होता, आणि ते मिनिट कळण्याचे साधन घरात नव्हते. योग आला आणि मला न भेटता निघून गेला. तेवढ्या अवधीत द्वारका आणखी मागे पडली.

तिचे अंतर मी तिच्या सावलीवरून मोजत असे. छायेवरून काळ काढण्याचा विधी मी पाठशाळेत अनेक वर्षे शिकवला आहे. त्यासाठी उन्हात शंकू उभा करावा लागतो. आता शंकूची गरज उरली नव्हती. भर माध्यान्ही, माझी सावली पायांशी गोळा झालेली असताना, अंगणात उभ्या असलेल्या द्वारकेची सावली पश्चिमेकडे तुळशीवृंदावनापर्यंत लांबलेली असे, कोवळ्या सकाळी पडते तशी. ती सावली सुंदर होती. तिच्यात पदराचा काठसुद्धा दिसे.

एके दिवशी मी गणित मांडले आणि पुन्हा मांडले. माझा सूर्य मावळेपर्यंत तिला गाठले नाही, तर उद्या उजाडल्यावर ती कालच्या दिवसात राहिलेली असेल. कालच्या घरात कालचा मी होतोच. तिला माझी उणीव भासली नसती. ती मला भासली असती.

मी पिशवीत घटिकापात्र घातले आणि हरभट रोडवरील तवनाप्पा मगदूम यांच्या दुकानाकडे निघालो. घटिकापात्र म्हणजे बुडाला सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर ठेवली की छिद्रातून पाणी आत चढते, आणि ती भरून बुडाली की एक घटिका झाली. अंतरपाटाच्या कडेला उभे राहून या वाटीवरच मी मुहूर्त धरीत आलो आहे.

दुकानात एक सरळ काउंटर होता. दाराशी स्वस्त घड्याळे, दूरच्या टोकाला महाग. तवनाप्पा मधोमध उभे होते.

"या शास्त्रीबुवा. काय दाखवू?"

"मध्यम किमतीचे," मी म्हणालो. "विश्वासू असावे."

हे ऐकून काउंटर लांबला. आम्ही मध्याकडे चालू लागलो, ते आतल्या बाजूने आणि मी बाहेरच्या. बरेच चाललो. दुकानाचे दार मागे पाटीएवढे, मग टपाल तिकिटाएवढे झाले. समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकाही तेवढीच राहिली. मध्य येईना. तवनाप्पांच्या चेहऱ्यावर त्याचे काही नवल नव्हते.

"हितं येणारा प्रत्येक जण मध्यमच मागतोय, बुवा," ते चालता चालता म्हणाले. "कुणी स्वतःला गरीब म्हणत न्हाई, कुणी श्रीमंत म्हणत न्हाई. मग ह्यो काउंटर वाढणार न्हाई तर काय करंल? आकडा सांगा."

आकडा उच्चारणे मला असभ्य वाटत होते. परंतु दाराच्या तिकिटातून येणारे ऊन पिवळे होऊ लागले होते. मी आकडा सांगितला. बैलगाडी थांबते तशी एक लहानशी कुरकुर करून काउंटर थांबला, भिंती जवळ आल्या, आणि आम्ही दोघे ज्याच्यापाशी उभे होतो तो मध्य झाला.

मी तवनाप्पांकडे पाण्याचे घंगाळ मागितले आणि पिशवीतून पात्र काढले. ते हसू लागले.

"घड्याळ घ्यायला घड्याळ घेऊन आलाय व्हय? म्हंजे नवरीमुलगी बघायला बायकोला घेऊन गेल्यावानी झालं."

"जाणकार सोबत असावा," मी म्हणालो.

"बरोबर हाय. आमच्या घरात बी तीच जाणकार."

त्यांनी प्रथम दाराकडचे एक स्वस्त घड्याळ समोर ठेवले. ते सोनेरी आणि अत्यंत नम्र होते. पाहणाऱ्याला हवी असलेली वेळ ते दाखवी. तवनाप्पांना त्याने दुकान बंद करण्याची वेळ दाखवली. मला ती संध्याकाळ दाखवली, स्प्रिंग तुटण्याच्या किंचित आधीची. काटा तेथे थरथरत उभा होता आणि पुढे जात नव्हता. मी ते फार वेळ पाहिले. नंतर पालथे ठेवले.

त्यानंतर दुसऱ्या टोकाचे एक आले. माझ्या रकमेत ते बसणारे नव्हते, केवळ पाहून ठेवा म्हणून तवनाप्पांनी ते मखमलीवर आणले. त्याच्या सान्निध्यात मी पात्र पाण्यावर सोडले, तर छिद्रातून पाणी वर चढेना. मोठी माणसे उभी असताना आपण बसू नये, तशी ती वाटी रिकामीच तरंगत राहिली. ज्या घड्याळापुढे घटिका भरत नाही, त्याने काळ कसा सांगावा? मी हात जोडले आणि ते परत न्यायला सांगितले.

मग त्यांनी आमच्या पुढ्यातील काच सरकवली आणि मधले घड्याळ काढले.

त्याचे वर्णन करताना मला अलंकार वापरवत नाहीत. पोलादी घर, पांढरी तबकडी, काळे देवनागरी अंक, तपकिरी चामड्याचा पट्टा. अंक इतके स्वच्छ की चष्म्याविना वाचता येत होते. तबकडीवर जे असायला हवे ते होते, आणि नसले तरी चालेल असे काहीच नव्हते. एखाद्या सूत्रातील अर्धी मात्रा कमी करता आली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आमच्याकडे म्हणतात. या घड्याळाच्या कर्त्याने तो आनंद पुष्कळदा भोगला असावा. मी पात्र पाण्यावर सोडले. पाणी चढले, पात्र बुडाले, तळाला लागून त्याचा टण् असा नाद झाला, आणि काटा जेथे असायला हवा होता तेथे होता. पुढे नाही, मागे नाही. मला वडीलधाऱ्यांना भेटल्यासारखे वाटले.

"पाण्याचे काय?" मी विचारले. तवनाप्पांनी घड्याळ पात्राशेजारी घंगाळात सोडले. ते तळाशी जाऊन शांतपणे चालत राहिले. पार्ट कोल्हापुरात मिळतात, पट्टा कुठलाही चालतो आणि काच बदलायला हजामतीपेक्षा कमी पैसे लागतात, असे त्यांनी सांगितले. नाही म्हणायला एक गोष्ट राहिली आहे, असेही म्हणाले.

"चावी देईल त्याची वेळ."

"म्हणजे?"

"म्हंजे चावी देईल, त्याची वेळ."

द्वारकेला विचारल्यावाचून मी आजवर घरात पितळेची पळीही आणलेली नव्हती. दुकानातील फोनवरून मी घरी फोन लावला. फोनला आमच्यातील अंतर लागू नव्हते. तिने लगेच उचलला.

"मी बोलतो आहे. घड्याळ मिळाले. पोलादी आहे, चावीचे आहे. घेऊ ना?"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

ती हसू दाबल्यासारखी म्हणाली, "आमचे हे तर इथं झोपाळ्यावर बसलेत. अजून निघालेसुद्धा नाहीत. पिशवीत वाटी घालायची की नाही, ह्याचा विचार चाललाय त्यांचा."

तिच्यामागे झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. मी सकाळी तेथे बसून तोच विचार केला होता.

"त्यांना घाला म्हणावं," मी म्हणालो.

"सांगते. पण आवाज मात्र तुमचा त्यांच्यासारखाच आहे हो," ती म्हणाली. नंतर माझ्याशी नव्हे, अंगणाकडे तोंड करून तिने विचारले, "अहो, चहा ठेवू का?" आणि फोन ठेवला.

मी पैसे दिले. तवनाप्पा चावीला हात लावणार तोच मी त्यांचे मनगट धरले. त्यांनी मान डोलावली, काटे जसे होते तसे राहू देऊन घड्याळ शांत केले आणि डबीत ठेवले. "वैनींना नमस्कार सांगा," ते म्हणाले. "आज जमलं तर."

परतीच्या वाटेवर माझी सावली माझ्यापुढे धावत होती. ती पूर्वेकडे इतकी लांबली होती की तिचे डोके गल्लीच्या वळणावर माझ्या आधी वळले. दोन्ही बाजूंची घरे एकमेकांकडे सरकत होती, आणि मला पिशवी छातीशी धरून तिरके चालावे लागले. ऊन गच्चीच्या कठड्यांवर चढले होते. आमच्या अंगणात त्याची शेवटची पट्टी उरली होती.

त्या पट्टीत द्वारका उभी होती. तिची सावली पश्चिमेकडे पडली होती, तुळशीवृंदावन ओलांडून. माझी पूर्वेकडे. एकाच फरशीवर उभे राहून आम्ही दोन दिशांना पसरलो होतो. तिचे केस स्नानानंतरचे ओले होते. तिच्या हातात चहाचा कप होता आणि त्यातून वाफ येत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, झोपाळ्याकडे पाहत होती. झोपाळा हलत होता.

मी डबी उघडली. चावीचा दाणेदार मणी माझ्या बोटांत आला. तो किती सहज फिरेल, हे स्पर्शानेच कळत होते. मी चावी दिली असती तर ते घड्याळ आयुष्यभर माझी वेळ अचूक दाखवत राहिले असते, आणि त्याच्याविषयी तक्रार करण्यास मला कधीही जागा सापडली नसती.

मी कप तिच्या हातातून घेऊन कट्ट्यावर ठेवला आणि घड्याळ तिच्या तळहातावर ठेवले. घड्याळालाही आमच्यातील अंतर लागू नव्हते. तिने ते पाहिले. पदराने काच पुसली. दिवस उलटा करून धरल्यासारखे पालथे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले.

"बाई! नेटकं आहे," ती म्हणाली. "किती दिलेत, ते नका सांगू."

मग तिने चावी देण्यास प्रारंभ केला.

चावीचा आवाज बारीक आणि सलग होता, जात्यातून पीठ पडावे तसा. मी खाली पाहिले. तिची सावली होती तेथेच होती. माझी सावली पूर्वेच्या भिंतीवरून उतरली, फरशीवरून मागे सरकत आली, आखडली आणि पावलांखाली गेली. माझ्या टाळूवर माध्यान्हीचे ऊन लागले. डब्यातील खानावळीची चव तोंडात आली आणि निघून गेली. घटिकापात्र पिशवीत पुन्हा कोरडे झाले. पलीकडच्या बाजूने माझी सावली बाहेर पडली आणि पश्चिमेकडे, तिच्या सावलीच्या शेजारून, वृंदावनाच्या दिशेने वाढू लागली.

द्वारकेने घड्याळ कानाशी धरले. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने मान वर केली आणि प्रथमच थेट माझ्याकडे पाहिले.

"अहो, चहा ठेवू का?"

झोपाळ्यावर बसलेल्या गृहस्थांनी मांडीवरची पिशवी उचलून घेतली, आणि थोडे सरकून मला जागा केली.