माझा गारठा त्यांना लागला नाही

आज बाइंडरकाका माझ्यावर बसले आणि दचकले नाहीत.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण मला विचारा. मी एक खाट बोलतेय. उपचाराच्या खोलीतली, घडीची, काळ्या रेक्झिनची. इथे उपचार करणारी ताई मला टेबल म्हणते, बाइंडरकाकांसोबत येणाऱ्या त्यांच्या बायको, काकू, बाकडं म्हणतात, मी मात्र स्वतःला खाट समजते. दर माणसाआधी ताई मला ओल्या फडक्याने पुसते आणि वर पंखा गरगरत असतो, त्यामुळे मी कायम गारठलेली. हाफ पँटमधला माणूस काठावर टेकला की त्याच्या मांड्या क्षणभर वर उचलल्या जातात. प्रत्येकाच्या. बाइंडरकाका तर दर वेळी म्हणायचे, फरशीवर बसवलंत की काय.

आज ते नीट बसले आणि चष्मा पुसत राहिले.

मी मुळातच घाबरट. दार आपटलं तरी माझ्या तारा थरथरतात. म्हणून आधी स्वतःलाच समजावलं, उगाच काहीतरी मनात आणू नकोस.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. दुमडणारे पाय, पोटाखालून ताणलेल्या दोन तारा, आणि पालथं झोपणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून डोक्याकडे एक गोल भोक. आधी मी एका पार्लरमध्ये होते. ते बंद पडलं आणि वर्षभर मी दारामागे घडी होऊन उभी राहिले, खराटा आणि मोडक्या छत्रीच्या शेजारी. दार उघडलं की माझ्या अंगावर यायचं. दचकायची सवय तिथलीच.

मग ताईने मला आणलं. ताई फॅशियाचं काम करते. म्हणजे काय, ते मला तिच्यापेक्षा बाइंडरकाकांनी चांगलं समजावलं. ते पुस्तकं बांधतात. म्हणाले, पुस्तकाच्या कण्यावर आम्ही कापड चिकटवतो ना, तसं आपल्या प्रत्येक स्नायूवर एक पातळ आवरण असतं. ते सुरकुतलं, आखडलं, की आख्खं पुस्तक वाकडं. ताई तेल न लावता, बोटांच्या पेरांनी, कोपराने, मुंगीच्या चालीने ते आवरण सैल करते. एकेका जागेवर दोन-दोन मिनिटं. घाई केली तर शरीर दार लावून घेतं, असं ती म्हणते.

तिच्या हाताला गुण आहे, हे मी शपथेवर सांगेन. एक खांदा कानाला लावून आलेली माणसं दोन्ही खांदे सारखे करून गेलेली मी पाहिलीत. बाइंडरकाका पहिल्यांदा आले तेव्हा काटकोनात होते. चार महिन्यांनी सरळ उभे राहिले, तेव्हा काकू म्हणाल्या, “अगंबाई, हे एवढे उंच होते हे मी विसरूनच गेले होते.”

ताईचा एक नियम आहे. काम चालू असताना कुणी बोलायचं नाही. हात ऐकत असतात, म्हणते. आणि मुंग्या आल्या, हलकं वाटलं, असं कुणी सांगितलं की ती खूश होते. “सुटतंय ते,” म्हणते.

गेल्या मंगळवारी काकांनी सांगितलं होतं, मांड्यांच्या आतल्या बाजूला कुणी कापूस भरलाय असं वाटतंय. आदल्या दिवशी दुकानात त्यांनी रजिस्टरांचा गठ्ठा उचलला होता, तेही बोलता बोलता सांगितलं. ताई हसली. म्हणाली, “छान. सुटतंय.” मलाही बरं वाटलं. ती चुकेल असं माझ्या मनातही आलं नाही.

आज काका पालथे झोपले. डावं पाऊल उजव्यापेक्षा जड पडलं, पिशवी ठेवावी तसं. कंबर परवापासून अजिबात दुखत नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. काकू स्टुलावर विणकाम घेऊन बसल्या. ताईने पोटऱ्यांपासून सुरुवात केली आणि वर सरकत बैठकीच्या हाडापाशी आली. तिथे तिचा कोपर बसला की भलेभले माझा काठ आवळून धरतात. ताईने हळूहळू सगळा भार टाकला. तो काकांच्या अंगातून माझ्यात उतरला, माझ्या तारा ताणल्या गेल्या.

काकांचे हात सैल लोंबत होते.

“ताई,” भोकातून आवाज आला, “सुरू कधी करताय?”

कोपर जागच्या जागी थांबला.

“काका, मी आत्ता कुठे दाबतेय?”

“अजून कुठे दाबलंय?” त्यांना ती थट्टा वाटली. ते हसलेसुद्धा.

ताईने केसातली पिन काढली आणि तिचं टोक त्यांच्या मांडीच्या आतल्या बाजूने ओढलं. लागतंय का, तिने विचारलं. काय, असं त्यांनी विचारलं. तिचा दुसरा हात माझ्या काठावर होता. तो गार पडत गेला, माझ्याहून गार.

काकूंच्या सुया थांबल्या होत्या. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि नियम आठवून गप्प झाल्या. ताई म्हणाली, नाही काकू, बोला. तेव्हा त्यांनी सांगितलं, की सकाळपासून हे चारदा बाथरूममध्ये जाऊन बसले आणि तसेच बाहेर आले.

“आता ते इथे कशाला सांगतेस?” काका चिडले.

“मग कुठे सांगू, तुमच्या दुकानात?”

ताई खाली वाकली. फरशीवर गुडघे टेकून तिने भोकातून वर पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत.

“काका, आज लघवी झालीय का?”

काकांनी नजर वळवली. मग ते म्हणाले, “नाही. पण दुखतही नाही ना काही. म्हटलं, तुमच्या हाताचा गुण.”

ताई उठली. तिने काकूंना बाजूला घेतलं नाही, तिथेच, काकांना ऐकू येईल असं सांगितलं. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा असतो, तो दबला असावा. खात्री डॉक्टर करतील, पण खरं असेल तर ऑपरेशन लगेच व्हायला हवं. उशीर झाला तर पायातलं बळ आणि लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे तिच्या हाताचं काम नव्हे.

काकूंनी विणकाम खाली ठेवलं. “पण मंगळवारी तुम्हीच म्हणालात ना, सुटतंय म्हणून?”

मी श्वास रोखला. खाटेला श्वास नसतो, पण रोखला. ताईला स्वतःची बाजू सावरायला शंभर गोष्टी होत्या. तिच्यापुढे चार महिन्यांत सरळ झालेला माणूस होता, त्याने पाठवलेली माणसं होती, दारावर तिच्या नावाची पाटी होती.

“म्हणाले होते,” ती म्हणाली. “चुकलं माझं. डॉक्टरांनाही मंगळवारपासूनचं सगळं सांगणार आहे, कापसासकट.”

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाचा फोन वाजून वाजून बंद झाला. ॲम्ब्युलन्सच्या नंबरावर रेकॉर्ड केलेला आवाज, आपण रांगेत आहात. पुन्हा हॉस्पिटल. ताई एका हाताने काकांना हलू देत नाहीये, कूस बदलू नका म्हणतेय. काकू चपला शोधतायत, त्या पायातच आहेत.

तुम्ही कधीतरी माझ्यासारख्या एखाद्या खाटेवर पडाल, तेव्हा माझं एवढं ऐका. दुखतंय हे तर सांगाच. पण जिथे काहीच लागत नाही, ती जागा आधी सांगा. सुटलं म्हणून कुणी खूश झालं, तरी पुन्हा सांगा. लाजू नका. मला तोंड असतं तर मी मघाशीच, ते बसले त्या क्षणी, ओरडले असते.

रिंग वाजतेय. सहा. सात. ताईची बोटं माझ्या रेक्झिनमध्ये रुतलीत. आठ.

मग खट्‌ आवाज झाला, आणि पलीकडून कुणीतरी धापा टाकत म्हणालं, “हां, बोला, काय झालंय?”