चुलीपाशी वाळलेले बूट

ओल्या गवतावरून शांताराम धावत आला, की त्याच्या पावलांचा आवाज येत नसे. चेंडूला पाय लागला, की तेवढा एक मऊ, भरीव नाद मैदानभर पसरे. श्रावणातल्या उन्हा-सावलीत त्याची सावळी, सडपातळ आकृती डाव्या कडेने अशी सरके, की ढगाची सावली पुढे की तो पुढे, हे उमगू नये. घोट्याला मातकट फडक्याची पट्टी, बाकी पाय उघडे. भिसेगावच्या भातखाचरांत चिखल तुडवून घडलेले ते पाय होते, आणि चेंडू त्यांच्यामागे घरच्या वासरासारखा जाई.

कर्जतच्या आमच्या कंपनीने फुटबॉल खेळण्यासाठीच माणसे नोकरीला ठेवली होती. पण त्यांतही दोन पंगती होत्या. आम्ही काही जण पुण्याच्या, भरमसाट फी घेणाऱ्या शाळांतून आलेलो. बूट घालून खेळायला आणि साहेबाशी इंग्रजीत बोलायला तिथेच शिकलो, म्हणून आम्हाला कचेरीत खुर्च्या मिळाल्या. शांतारामसारखे अनवाणी खेळाडू गोदामात पोती उचलत. खेळात मात्र मी त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतो. त्याची जागा तीच माझी, त्यामुळे प्रत्येक सामन्याला मी इस्त्रीच्या कपड्यांत कडेला बसून असे.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात नवा मॅनेजर आला. अनवाणी खेळाने कंपनीची शोभा जाते, असे त्याचे मत. रविवारी बूट घालून चाचणी होईल आणि जो तीत टिकणार नाही त्याची नोकरी जाईल, असे त्याने फर्मावले. शांतारामलाही एक जोड मिळाला. चार दिवस तो त्यांत धडपडला. शुक्रवारी, भर पावसात, त्याची ती जुनी सरसर धाव बुटांतूनही परत आली. ती पाहून रविवारनंतरही मी कडेलाच बसणार, हे मला कळले.

निघताना निथळते बूट हातात धरून तो माझ्यापाशी आला.

"भाऊ, तुमी शाळंपासून वापरता. चुलीपाशी ठेवलं तर चालंल ना? दोन दिसांत वाळायला पायजेत."

ओले कातडे विस्तवापाशी ठेवू नये, कागद कोंबून सावलीत वाळवावे, हे आम्हाला शाळेतल्या पहिल्याच पावसाळ्यात शिकवले होते. मी म्हणालो, "ठेव की."

रविवारी ते बूट लाकडासारखे कडक झाले होते. थोड्याच वेळात त्याच्या टाचा सोलल्या, आणि चेंडू त्याला परका झाला. मॅनेजरने हातानेच त्याला बाहेर बोलावले आणि माझे नाव घेतले.

बाहेर जाताना तो माझ्याजवळ थांबला. माझी मान वर होईना.

"तुमचा काय दोष नाय, भाऊ," तो हळूच म्हणाला. "तुमच्या शाळंत चूल कुठनं असंल? तुमाला तरी कसं ठावं असणार."

पुढे कित्येक हंगाम मी त्याच्या जागी खेळलो, कचेरीतून मानाने निवृत्त झालो. तो पोट भरायला कुठे गेला, हे मी कुणाला विचारले नाही. विचारायचे धैर्य आले तोवर सांगणारे उरले नव्हते. काळ सगळ्याची धार बोथट करतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही. तो रागावून गेला असता तरी बरे होते. तो मला निर्दोष समजून गेला, आणि ते खोटे आहे हे जाणणारा आता या जगात मी एकटाच उरलो आहे.