डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत

गॉर्डी हाल्वर्सनने एका कॅमेऱ्यात आयुष्याची चार वर्षं घातली, आणि कॅमेरा तरी कसला! दूध ठेवायच्या पेटाऱ्याएवढं काळं धूड. त्याच्या पोटात चावीचं यंत्र. चावी देऊन खटका सोडला की हे धूड तिपाईवर आपोआप फिरायला लागायचं आणि आतली फिल्म त्याच हिशेबाने सरकत जायची. समोर अर्धवर्तुळात तीनशे माणसं उभी करा, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळी एकाच लांबलचक फोटोत येणार. पूर्वी शाळा, गिरण्या, पलटणी सगळे असेच फोटो काढून घ्यायचे.

टॅमरॅक गावातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर गॉर्डीला तो सापडला तेव्हा भिंगामागच्या घडीदार चामड्याच्या भात्यात उंदरांनी संसार थाटला होता. गॉर्डीची अख्खी नोकरी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्याला गंजलेलं काही दिसलं की हात शिवशिवायचे. त्याने गॅरेजमध्ये बसून भाता नवा शिवला, दात तुटलेली चाकं घासूनपुसून बसवली आणि वेग आवरणारा छोटा पंखा कॉफीच्या डब्याच्या पत्र्यातून कापून काढला. बायको मार्लिस म्हणायची, "लग्नाच्या वाढदिवसाला माझ्याकडे इतकं निरखून बघितलं असतंस, तर मी चार वर्षं गॅरेजमध्ये राहायला आले असते."

आता जूनमध्ये टॅमरॅकची शाळा बंद होणार होती. मुलं कमी झाली, पुढच्या वर्षापासून सगळ्यांनी शेजारच्या गावात जायचं. शेवटच्या शनिवारी शाळेचे आजीमाजी सगळे जमणार होते, आणि गॉर्डीने हट्टच धरला की त्यांचा फोटो याच कॅमेऱ्याने काढायचा. कारण शाळेच्या भोजनगृहाबाहेर अजून एक फोटो टांगलेला होता, १९५३ सालचा, याच कॅमेऱ्याने काढलेला.

त्या फोटोची गंमत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. त्यात लीलंड लिंडक्विस्ट नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा दोनदा आहे. डाव्या टोकाला धाकट्या बहिणीचा हात धरून शहाण्यासारखा उभा, आणि उजव्या टोकाला पुन्हा तोच, दात काढून. कॅमेऱ्याची नजर पुढे सरकली की डावीकडच्याने पळत सुटायचं, कॅमेऱ्याच्या मागून वळसा घालायचा आणि नजर पोचायच्या आत उजवं टोक गाठायचं. फिरत्या कॅमेऱ्याइतकीच जुनी खोडी ती.

मे महिन्यात एका सकाळी ती धाकटी बहीण गॉर्डीच्या गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली. व्हर्ना लिंडक्विस्ट, वय वर्षं चौऱ्याऐंशी. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपाचं काम केलं होतं. गावातल्या निम्म्या लोकांची पोटं तिच्या डावाने भरलेली, गॉर्डीचंही.

"मला पळायचंय," ती म्हणाली.

"कुठे, व्हर्नाबाई?"

"कुठे म्हणजे? कॅमेऱ्यामागून! त्रेपन्न साली आम्ही दोघं पळालो होतो. मी खडीवर आपटले, गुडघा फुटला. लीलंड एकटाच पोचला. तू तो फोटो नीट बघितलायस कधी? उजव्या टोकाला त्याचा डावा हात बाहेर काढलेला आहे बघ. मी मागून येतेय, मला ओढून आत घेता यावं म्हणून. आणि हात रिकामाच राहिला."

गॉर्डीने तो फोटो शंभरदा बघितला होता. हाताकडे त्याचं लक्ष कधी गेलं नव्हतं.

"दर नाताळला मला चिडवायचा," व्हर्ना म्हणाली. "'व्हर्ना, हात दुखायला लागला गं माझा. येतेयस ना?' सत्तर वर्षं एकच विनोद! गेल्या ऑक्टोबरमध्ये गेला तेव्हासुद्धा, दवाखान्यात, हात बाहेर काढून दाखवला मला." तिने गुडघ्यावर थाप मारली. "तर मला पळायचंय. आता तो गुडघा स्टीलचा आहे, फुटायचा नाही."

गॉर्डी मेकॅनिक माणूस, तो लगेच आकडेमोडीला लागला. नेहमीच्या वेगाने कॅमेरा अर्धं वर्तुळ पंधरा सेकंदांत पुरं करायचा. पंधरा सेकंदांत तिथे पोचायला हरीण लागलं असतं. पंखा आवळून वेग कमी केला तर चाळीस सेकंद मिळत होते. पण हळू फिरवायचं म्हणजे स्प्रिंगचा जोर तोकडा पडणार. कॅमेरा मध्येच अडला तर त्या जागी प्रकाश साचून फोटोवर वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा. फिल्म एकच. तसल्या रुंदीची फिल्म आता बनवून घ्यावी लागते आणि सहा महिने वाट बघावी लागते. शाळा काही पुन्हा बंद होणार नव्हती.

"चाळीस सेकंदांत जमेल?" त्याने विचारलं.

"रोज सराव करते मी. चर्चच्या आवारात. पाद्रीबाबांना वाटतं मला वेड लागलंय."

मग काय, गॉर्डीने पंखा आवळला.

शनिवारी शाळेच्या मैदानावर ऊन लख्ख पडलं होतं. तीनशे बारा माणसं आली. जमीन मोजून चुन्याने अर्धवर्तुळ आखलेलं, मधोमध तिपाई. समारंभाचा कारभारी डेल ओस्टबी घड्याळ बघत गॉर्डीजवळ आला.

"गॉर्डी, दहा मिनिटं देतो तुला. तिकडे जेवणासाठी भाजलेली बटाट्याची हॉटडिश गार होतेय. आणि खरं सांगू? माझा फोन हे काम दोन सेकंदांत करतो."

"मग तुझा फोन टांग ना भिंतीवर," मार्लिस म्हणाली. "आणि शंभर वर्षांनी चालू करून बघ."

डेल गुपचूप उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्या पलीकडे एक जागा रिकामी ठेवायची ताकीद त्याला मिळाली होती. ती कुणासाठी, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"ऐका!" गॉर्डी ओरडला. "चाळीस सेकंद कुणीही हलायचं नाही! श्वास घ्या, पण दाखवू नका! डास चावला तर चावू द्या! कॅमेरा तुमच्यावरून पुढे गेला की मग खुशाल खाजवा!"

हशा पिकला. डाव्या टोकाला व्हर्ना उभी होती, निळा झगा आणि पायात पांढरे पळायचे बूट. तिने उजवा हात बाहेर काढला होता, फोटोच्या कडेकडे, जिथे कुणीच नव्हतं.

"व्हर्नाबाई, हात खाली घ्या! हलेल तो!"

"नाही हलणार," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

गॉर्डीने चार वर्षं या क्षणासाठी घातली होती, आणि आता खटका सोडायला बोट तयार होईना. मार्लिसने पाठीत हलकेच गुद्दा मारला. बोट हललं.

घर्रर्र. कॅमेरा फिरायला लागला. त्याची काळी नजर व्हर्नावरून गेली, तिच्या शेजारच्यावरून गेली, आणि व्हर्ना सुटली.

आता गंमत अशी, की ती कॅमेऱ्याच्या मागून पळत होती, म्हणजे तीनशे माणसांच्या अगदी डोळ्यांसमोर. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, झगा दोन्ही हातांनी वर धरून, पांढरे बूट आपटत पळतेय, आणि कुणाला हसायची सोय नाही, मान वळवायची सोय नाही! माणसं लालबुंद झाली. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पठ्ठ्या हलला नाही. आणि ज्यांच्यावरून कॅमेरा पुढे गेला, ते मोकळे झाले. डाव्या टोकाला एकच गिल्ला उठला. "पळ, व्हर्ना, पळ!" कॅमेरा जसजसा सरकत होता, तसतसा तो आरडाओरडा त्याच्या मागोमाग सरकत होता. पुढे सगळे पुतळे, मागे सगळी जत्रा!

खडीचा पट्टा आला. व्हर्नाने खडी पार केली.

आणि तेवढ्यात गॉर्डीच्या कानाने काहीतरी टिपलं. यंत्राचा सूर उतरत होता. घर्रर्रचं घुर्रर्र झालं होतं. आपण काय चूक केली ते त्याला त्याच क्षणी कळलं. फिल्म एकच, म्हणून जपायची. म्हणून चार वर्षं प्रत्येक चाचणी त्याने खाटकाकडच्या, मटण गुंडाळायच्या मऊ कागदाच्या पट्टीवर घेतली होती. खरी फिल्म कागदाहून ताठ होती. ती यंत्राला मागे ओढत होती, आणि हे जुन्या कॅमेऱ्याच्या नादाला लागलेल्या कुठल्याही माणसाला आधी सुचायला हवं होतं. पण फिल्म जपायची खोड काही सुटत नाही.

हात लावायची सोय नव्हती. हात लागला की धक्का, धक्क्याचा पट्टा.

व्हर्ना उजव्या टोकाला पोचली. पोचली! डेलच्या पलीकडे रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पण कॅमेरा अजून साठ माणसं मागेच होता, आणि रखडत होता. पन्नास. चाळीस. मोकळे झालेले लोकही चिडीचूप झाले. मैदानावर फक्त ते दमलेलं घुर्रर्र ऐकू येत होतं. वीस माणसं उरली.

गॉर्डी दात आवळून पुटपुटत होता, "चल राजा, चल, एवढं कर." थंडीत चालू न होणाऱ्या बसशीही तो असाच बोलायचा.

दहा माणसं उरली, आणि व्हर्नाचा धीर सुटला. जेवणाच्या रांगेत रेंगाळणाऱ्या पोरांवर एकतीस वर्षं जी आरोळी तिने ठोकली होती, तीच तिने कॅमेऱ्यावर ठोकली.

"ए, पुढे सरक! मागे पोरं उपाशी आहेत!"

ती आरोळी न ओळखणारा माणूस त्या मैदानावर नव्हता. गॉर्डीचे पायसुद्धा नकळत एक पाऊल पुढे सरकले. आणि कॅमेरा सरकला. पाच माणसं. दोन. डेल. व्हर्ना. तिच्यापुढे बोटभर गेला, आणि खट्कन थांबला.

मग जो काही दंगा झाला! लोकांनी व्हर्नाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. डेल ओस्टबीसुद्धा घड्याळ विसरून टाळ्या पिटत होता. गॉर्डी मात्र कॅमेऱ्यावर काळं कापड टाकून, तो उचलून घरी पळाला. आत काय आलंय ते त्याला कुठे ठाऊक होतं!

न्हाणीघराच्या खिडकीला चंदेरी कागद चिकटवलेला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेले. मिट्ट काळोखात फिल्मचं एक टोक गॉर्डीच्या हातात, एक मार्लिसच्या, आणि सहा फूट फिल्म दोघं रसायनाच्या थाळीतून झोके दिल्यासारखी वरखाली ओढत होती. बाहेर व्हर्ना खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ.

"सात मिनिटं!" दाराबाहेरून आवाज आला. "आले का मी?"

"काळोख आहे, व्हर्नाबाई!"

"आठ! आता?"

"हिला आत घे नाहीतर मला बाहेर सोड," मार्लिस म्हणाली.

शेवटी दार उघडलं. गॉर्डीने थबथबलेली फिल्म उजेडात धरली आणि डावीकडून बघायला सुरुवात केली. पट्टा नाही. मध्यावर आला. पट्टा नाही. पुढे कॅमेरा हळू झाला होता, पण कुठे थांबला नव्हता, त्यामुळे चेहरे सगळे जागच्या जागी होते. फक्त प्रकाश जास्त पडत गेला होता. फोटो कागदावर उतरला तेव्हा उजवं टोक बाकीच्यांहून उजळ दिसत होतं, आणि त्या उजेडात व्हर्ना उभी होती, केस उडालेले, तोंड नुकतंच मिटलेलं. गॉर्डी इतका जोरात ओरडला की शेजाऱ्याचा कुत्रा भुंकायला लागला.

पुढच्या आठवड्यात भोजनगृहाबाहेर फोटो टांगायला चौघंच होती. डेलने फूटपट्टी आणली होती.

"जुन्या फोटोच्या उजवीकडे, मध्ये एक फूट जागा सोडून," तो म्हणाला.

"बोटभरसुद्धा सोडायची नाही," व्हर्ना म्हणाली. "आणि चौकट नको. कडेला कड लाव."

डेल तोंड उघडणार होता. मार्लिसने त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं.

गॉर्डीने कडेला कड भिडवून फोटो ठोकला आणि दोन पावलं मागे आला. मग त्याला दिसलं. जुन्या फोटोच्या उजव्या टोकाला पंधरा वर्षांचा लीलंड दात काढून उभा होता, डावा हात कडेबाहेर काढून. आणि तिथूनच नवा फोटो सुरू होत होता. त्याच्या पहिल्याच जागेवर व्हर्ना उभी होती, उजवा हात त्याच्याकडे काढून. हात हातात बसला होता. गॉर्डीला रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

व्हर्ना भिंतीजवळ गेली. बोटाने तिने लीलंडच्या हातावरची धूळ पुसली.

"घे, आले," ती म्हणाली. "आता पुन्हा हात दुखतो म्हणालास तर बघ."