दादूचा भोंगा

दादू मिस्त्री वारला तेव्हा भिकू मिस्त्री खरोखर रडला. पण स्मशानातून परतताना विहाराच्या दाराशी कुणीतरी म्हणालं, "असा कारागीर थळमध्ये पुन्हा होणं न्हाय," आणि भिकूचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. त्याला वाटलं, अरे, मी अजून उभा आहे की इथे! मला कुणी बघतंय की नाही?

दोघं एकाच आळीतले, एकाच वयाचे, रंधा धरायला एकाच उस्तादाकडे शिकलेले. पण गावाने दोघांना कामं वाटली ती अशी, की विहारातल्या मूर्तीचा चौथरा दादूने करावा आणि भिकूने त्याला पॉलिश मारावं. ग्रामपंचायतीच्या खुर्च्या दादूच्या. त्यांचे पाय मोडले की भिकूला बोलावणं. लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना दादूला 'आमचे मिस्त्री' म्हणायचे आणि भिकूला 'हे पण सुतारकाम करतात'. त्या 'पण'ने भिकूचं निम्मं आयुष्य खाल्लं असं म्हटलं तर त्याची बायको भावना नाही म्हणणार नाही.

या सगळ्यावर कडी केली ती चंद्रविलास टॉकीजच्या भोंग्याने.

अलिबागच्या वाटेवर बापूशेठचं हे टॉकीज. नारळी-पोफळीची मोठी वाडी, आणि वाडीच्या कडेला सिनेमा. पडद्यामागे दोन भोंगे उभे असायचे: माणूस आत उभा राहील एवढे लाकडी खोके, पुढे तोंडाशी रुंद होत गेलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याचा कर्णा. परदेशातून आलेला माल. सत्त्याऐंशी साली उजव्या भोंग्याचा खोका वाळवीने खाल्ला. बापूशेठने दोन्ही मिस्त्र्यांना बोलावलं आणि डाव्या भोंग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "असा एकेक करून आणा. ज्याचा चांगला वाजेल त्याचा लावीन."

भोंग्याचं सगळं मर्म आतल्या वळणात. दोन्ही बाजूंच्या फळ्या अशा वाकलेल्या हव्यात की आवाज कुठेही न अडखळता बाहेर यावा. दादूच्या हाताला ते येईना. सागाच्या तीन फळ्या त्याने तडकवल्या. भिकूचा बाप मात्र होड्यांच्या फळ्या वाकवायचा. ओली गोणपाटं गुंडाळायची, खाली नारळाच्या सोडणांचा मंद जाळ ठेवायचा आणि घाई करायची नाही, हे भिकूला लहानपणापासून ठाऊक. एका सकाळी दादू त्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"भिकू, मला दाव ना रं."

भिकूने दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, दादूच्या दोन्ही फळ्या स्वतःच्या हाताने वाकवून दिल्या. जिंकणार आपणच याची खात्री असली की माणूस भलताच उदार होतो.

मग बापूशेठ शेवटच्या रांगेत बसले आणि दोन्ही खोके वाजवून झाले. भिकूचा खोका बोलला छान. पण ढोल वाजायला लागला तसे त्याचे सांधे खडखडायला लागले. सगळा जीव वळणात ओतला होता, सांध्यांत घाई झाली होती. दादूच्या खोक्याने मात्र ढोल असा उचलला की बापूशेठ खुर्चीतून उठलेच. दादूचा भोंगा पडद्यामागे गेला. भिकूचा घरी आला. भावनाने त्याला झाकण बसवून घेतलं आणि त्यात तांदूळ भरले.

"तुमच्या भोंग्यात उंदीर शिरत न्हाय, येवढं तरी बरं," ती म्हणाली. तेव्हापासून भिकू रोज आपल्या पराभवातला भात खात आला.

हरल्याचं त्याला एवढं लागलं नव्हतं. सांधे आपलेच कच्चे राहिले, हे तो मनातल्या मनात कबूल करायचा. त्याला खात होतं ते वेगळंच. गावभर दादूच्या भोंग्याचं कौतुक झालं, दादूने मान खाली घालून ते ऐकून घेतलं, आणि वळण भिकूचं आहे हे एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही.

टॉकीज पुढे बंद पडलं. पंधरा-सोळा वर्षं खुर्च्यांत कबुतरं बसली. यंदा बापूशेठची नात क्षिप्रा मुंबईहून आली. तिचा धंदाच आवाजाचा. टॉकीज जसं होतं तसं उभं करायचं, जुन्याच भोंग्यांवर चालवायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. ती दर आठवड्याला रो-रो बोटीने यायची आणि धुळीत माखून परत जायची. लाकूडकामाला तिने भिकूला बोलावलं. दादू नाही म्हणून आपल्याला बोलावणं आलं, हे भिकूला कळत होतं, आणि कळल्यामुळे त्याचा पहिला दिवस कडू झाला.

पण दुसरा दिवस फार गोड निघाला. क्षिप्रा पडद्यामागे उजव्या भोंग्यावर हात फिरवत होती. दोन्ही खोके काळ्या रंगाने रंगवलेले, त्यामुळे बाहेरून फरक कळायचा नाही.

"काका, काय काम आहे हो! डाव्यापेक्षाही हा सफाईदार. परदेशी कारागिरी ती परदेशी. आपल्याकडे असं कुणाला जमलं असतं?"

भिकूने नुसती मान डोलावली. त्याच्या पोटात इतक्या वर्षांत पहिल्यांदा गार वाटलं. घ्या! दादूचं कौतुक परस्पर परदेशात गेलं.

"मी बाहेर एक पाटी लावणार आहे," क्षिप्रा म्हणाली. "ज्यांनी हे टॉकीज घडवलं त्या सगळ्यांची. तुम्हाला आठवतील ती नावं सांगा."

भिकूने ऑपरेटरचं नाव सांगितलं, डोअरकीपरचं सांगितलं, पोस्टर चिकटवणाऱ्याचंही सांगितलं. दादूचं सांगितलं नाही. घरी जाताना तो चक्क शीळ घालत गेला.

उजव्या भोंग्याचा तळ ओलीने फुगला होता, म्हणून चौथ्या दिवशी त्याची पाठ खोलायला घेतली. क्षिप्रा फोनवर बोलत बाहेर वाडीत गेलेली. भिकूने स्क्रू काढले, पाठीची फळी उतरवली आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. आतल्या दोन्ही वाकलेल्या फळ्यांवर दादूने काथ्याची चटई ठोकली होती. डाव्या फळीवरची कुजून खाली पडली होती, आणि उघड्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं:

'खोका दादूचा. थळ, १२ फेब्रुवारी १९८७.'

मिस्त्री लोक असं आत लिहून ठेवतातच. भिकूनेही आयुष्यभर लिहिलं, कपाटांच्या पाठीमागे, दिवाणांच्या पोटात. पण दादूचं अक्षर बघून त्याच्या अंगाची आग झाली. रेघ न आखता एका ओळीत बसलेलं, शाळेच्या फळ्यावर शोभावं असं. आता क्षिप्रा येणार, वाचणार, आणि पुन्हा दादू, दादू, दादू. मेल्यावरही हा माणूस मधे येतोच कसा?

त्याने पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि घासायला सुरुवात केली. दोन मिनिटांत नाव गेलं. काळवंडलेल्या सागावर तेवढाच एक फिकट पट्टा राहिला. भुसा त्याने फुंकून टाकला.

"झालं का काका खोलून?" क्षिप्रा आत आली आणि वाकून उजव्या फळीवरची चटई ओढू लागली. "हे सगळं बदलावं लागेल, कुजलंय." चटई सुटून तिच्या हातात आली. क्षिप्राने आत वाकून मोठ्याने वाचलं:

"'वळण भिकूचं.'"

भिकूला आधी वाटलं, तिने काहीतरी भलतंच वाचलं. त्याने बॅटरी तिकडे वळवली. तेच अक्षर. दादूचं.

"काका! हा भोंगा तुम्ही केलात? आणि मी परदेशी-परदेशी करतेय, तर तुम्ही मूग गिळून गप्प?" तिने त्याचा हातच धरला. भराभर फोटो काढले. "पाटीवर सगळ्यात वर तुमचं नाव येणार. नाही म्हणायचं नाही."

भिकू नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. सदतीस वर्षं ज्यासाठी जीव जळत होता ते आयतं हातात येऊन पडलं होतं, आणि त्याला ते हात कुठे ठेवावेत ते कळेना. दुपारी त्याने भात तसाच टाकला.

बातमी थळमध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दादूची बायको जयमाला टॉकीजच्या दारात उभी. अंगणवाडीत तीस वर्षं शिकवलेली बाई, कधी कुणापुढे मान खाली घालून बोललेली नाही.

"जय भीम, भाऊजी. तुमचं नाव सापडलं म्हनं."

"जय भीम, वैनी," भिकू कसाबसा म्हणाला.

"मला ठाऊक व्हतं. लिवलं त्याच दिशी त्यांनी मला सांगितलं व्हतं. चारचौघांत बोलायला त्यांची जीभ रेटली न्हाय कधी, कौतुक समदं आपल्यालाच मिळालं याची लाज वाटायची त्यांना. मी म्हनायची, अवो, निदान भिकूभाऊजींना तरी सांगा. तर म्हनायचे, आत लिवून ठेवलंय. उद्या खोलायची वेळ आली तर भिकूच खोलंल, दुसरं कोन हाय? तवा वाचंल तो." तिने पदर सावरला. "मला बी दाखवा. घरात त्यांचं अक्षर कुठंच उरलेलं न्हाय."

भिकू तिला पडद्यामागे घेऊन गेला आणि बॅटरी तिच्या हातात दिली. तिने उजवी फळी वाचली. एकदा वाचली, मग अक्षरांवरून बोट फिरवत पुन्हा वाचली. हसली.

"आन् त्यांचं? दोन ओळी हायत म्हनाले व्हते."

उजेड डाव्या फळीवर गेला आणि फिकट पट्ट्यावर थांबला. जयमाला चाळीस वर्षं मिस्त्रीच्या घरात राहिलेली. ताजं घासलेलं लाकूड कसं दिसतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने पट्ट्यावर हात ठेवला. बोटांना भुसा लागला.

"मी पुसलं, वैनी," भिकू म्हणाला.

"कवा?"

"काल. माझं नाव दिसायच्या आधी."

"का?"

"पोटात दुखलं. त्याचं नाव बगितलं की दुखतं. पयल्यापासून दुखतं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने बोटांचा भुसा पदराला पुसला. मग म्हणाली, "ते तर आता येत न्हाईत लिवायला. तुमीच लिवा."

भिकूने कानावरची पेन्सिल काढली. आत वाकून, गुडघे टेकून त्याने लिहिलं: 'खोका दादूचा. थळ, १२ फेब्रुवारी १९८७.' पेन्सिल उचलली, थांबला, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'हे नाव भिकूने पुसलं होतं.'

जयमालाने दोन्ही ओळी वाचल्या. एकदा ही फळी, एकदा ती.

"अक्षर त्यांचं बरं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय," भिकू म्हणाला. "सांधं पन त्याचंच बरं व्हतं."

मग तो बाहेर जाऊन क्षिप्राला सगळं सांगून आला, पॉलिश पेपरसकट. महिन्याभराने टॉकीज उघडलं. पाटीवर सगळ्यात वर दोन नावं एका ओळीत होती: आधी दादूचं, मग भिकूचं. भिकूनेच तशी सांगितली होती. तरी ती वाचताना त्याच्या पोटात जरासं दुखलंच.