आईला लिहिलेला निरोप

निविआकनं उलू सुरीच्या चंद्रकोरी पात्यानं गोठलेल्या माशाचा पातळ काप काढला आणि जमिनीवर अंथरलेल्या पुठ्ठ्यावरून नातीपुढं सरकवला.

"खाऊन घे, आई. विमानात काही धड मिळत नाही."

नातीचं शाळेतलं नाव शेल्बी. पण घरात तिला निविआकच्या गेलेल्या आईचं नाव दिलेलं, आणि ज्याचं नाव दिलं ते माणूसच परत आलं, असं इथं बर्फाळ उत्तरेत सगळे धरून चालतात. म्हणून आजी नातीला आई म्हणे आणि नात आजीला पोरी.

शेल्बी शिकायला ओटावाला गेल्यापासून निविआक तिला फोनवर आपल्या लिपीत लिहायची. उत्तर ठरलेलं असे. मधेमधे चौकोन आलेत, काही कळत नाही, फोन कर. त्यांच्या बोलीची काही अक्षरं कॉम्प्युटरला ठाऊकच नव्हती. निविआक हट्टाला पेटली. गावातल्या म्हाताऱ्यांना जमवून तिनं वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, दक्षिणेतून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या साहेबांना एकेक अक्षर तोंडानं म्हणून दाखवलं. मूठभर माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं की तिचं डोकं फिरायचं. बाकीचे म्हातारे तर वाट बघतच गेले. गेल्या महिन्यात अक्षरं फोनवर उमटली, तेव्हा ती चुलीशी एकटीच रडली.

सुट्टी संपवून शेल्बी आज परत निघणार होती. जे बोलायला जीभ रेटत नव्हती, ते निविआकनं सकाळी लिहून पाठवलं होतं. आई, जाऊ नकोस. घर खायला उठतं.

"माझा निरोप बघितलास?"

शेल्बीनं फोन काढला, त्याच्यावर नजर टाकली न टाकली आणि खाली ठेवला.

"अजून चौकोनच येतायत गं, पोरी."

फोन दोघींच्या मध्ये उताणा पडला होता. निविआकनं मान वाकवून पाहिलं. ओळी स्वच्छ उमटल्या होत्या, एकही अक्षर गळलं नव्हतं. तिला आधी संताप आला, मग नातीची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आपली लिपी नातीला येते की नाही, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"काय लिहिलं होतंस?"

निविआकनं फोन उचलला, पहिल्या ओळीखाली बोट धरलं आणि वाचत असल्यासारखं सावकाश म्हणाली, "आई, तिकडं पायात मोजे घालत जा. तुला लगेच सर्दी होते."

"एवढंच?"

"एवढंच," निविआक म्हणाली आणि नातीची बॅग दाराशी नेऊन ठेवली.