मागची सीट नसलेली गाडी

मी भुजंग. पूर्णेला स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं डेंटिंगचं दुकान हाय. ट्रॅक्टरचं बॉनेट म्हणू नका, जीपचा दरवाजा म्हणू नका, ऑटोचं नाक म्हणू नका, कसंबी चेपून आणा, मी हातोडीनं ठोकून सरळ करून देतो. डोकं माझं तापट हाय हे समद्या पूर्णेला माहीत हाय. गिऱ्हाईक ऐकून घेतंय, कारण काम चोख असतंय. पण ह्या फायबरनं माझा पुरता माज उतरवला.

गाडी वालूरच्या महारुद्रअप्पाची. त्यांच्या पोरानं पुण्याला असताना हौसेनं घेतलेली. गोव्यात बनलेली, जुनी, दोनच माणसांची, वर छत न्हाई, जमिनीला टेकल्यावानी बुटकी, आन समदं अंग फायबरचं. पोरगं गेलं परदेशात आन गाडी आली गोठ्यात. वरून कडबा, आतून कोंबड्या. मी अप्पांच्या ट्रॉलीचं काम करायला गेलो होतो, संगं माझी पोरगी होती, अपेक्षा. अप्पा म्हणले, "भुजंगा, ने बाबा हे डबडं, जागा तरी खाली होईल." मला हसू आलं. अपेक्षा हसली न्हाई. ती जीपमधी मागं बसून त्या गाडीकडं बघायली होती.

"पप्पा, घ्या ती."

"येडी झालीस का? काय करायचं तिचं? कोंबड्या पाळायच्या?"

"तिला मागची सीटच न्हाई," ती म्हणली. "मला जो तो उचलून मागं टाकतो. ह्या गाडीत कुठं टाकणार?"

अपेक्षा तेवीस वर्षांची. शाळेत असताना खो-खो खेळायची, एवढं सांगितलं म्हणजे बास. मग जिना चढताना मांडीवर हात देऊन चढायला लागली. आमाला वाटलं, अशक्तपणा हाय. नांदेड झालं, हैदराबाद झालं. स्नायूचा आजार निघाला. आधी कंबर आन मांड्या जाणार, मग खांदे, मग दंड. औषध न्हाई. हैदराबादचा डॉक्टर हे सांगताना टेबलावरचा पेन सरळ करायला होता, तवा मला वाटलं, तोच पेन घेऊन त्याच्या... जाऊ द्या. त्याचा काय दोष.

गाडी आणली तवा पोरीचे पाय गेल्यातच जमा होते, चाकाच्या खुर्चीवर असायची. खांदे तेवढे काम करायचे. तिनं मला सरळ सांगितलं, "हात हायेत तवर एकदा मला गाडी चालवायचीय. मी स्वतः बसणार, स्वतः चालवणार. कुणी उचलायचं न्हाई." बापाकडं तिनं कधी ड्रेस मागितला न्हाई, मोबाईल मागितला न्हाई. मागितलं ते हे.

इंजिनाचं काम बजरंग मेकॅनिकनं केलं. क्लच, ब्रेक, रेस, समदं त्यानं हातावर आणून दिलं. उरला दरवाजा. तो एवढासा, की चांगला धडधाकट माणूस बी अंग चोरून आत जाईल. त्याला मागं कापून रुंद करायचा, खालचा उंबरा उतरवायचा, म्हणजे खुर्ची लावून, मधी फळी टाकून तिला सरकता येईल. आन दरवाजा असा मजबूत पायजे, की त्याच्यावर भार देऊन तिनं सरकावं. पत्रा असता तर माझ्या डाव्या हातचा मळ होता. पण हे फायबर! म्हणजे काचेच्या धाग्याची मॅट, तिच्यावर रेझिन म्हणजे चिकट रस, रेझिनमधी ते घट्ट करणारं हार्डनर. वाळलं की दगड.

पोरगी मोबाईलवर बघून शिकायची आन मला शिकवायची. खुर्ची शेडच्या दारात लावून बसायची आन मुकादमासारखी हुकूम सोडायची. पहिल्याच दिवशी म्हणली, हार्डनर मोजून टाका. मी म्हणलो, तीस वर्षं पुट्टी कालवायलोय, मला मोजायला शिकवतीस? टाकलं अंदाजानं. मे महिना, वर पत्र्याचं शेड. ब्रश बुडवायच्या आत बादलीतून धूर निघाला आन रेझिनचा ठोकळा झाला, ब्रश आतच उभा. अपेक्षा इतकी हसली, इतकी हसली, की तिची आई बबिता घरातून पळत आली, काय झालं म्हणून.

"आवं, पेटलं का काय?"

"न्हाई आई, पप्पांनी बासुंदी आटवलीय."

दुसऱ्या येळेला एक कड जरा वर राहिली. सवयीनं हातोडी उचलली आन दिला एक ठोका. तडा गेला आरपार. तवा पोरगी म्हणली, "पप्पा, हा पत्रा न्हाई. ह्याला मार चालत न्हाई, ह्याची समजूत काढावी लागती." मी म्हणलो, तुझ्यावानीच हाय मंग. ती म्हणली, तुमच्यावानी बी.

असं करत करत हात बसला. मॅट फाडायची कशी, हवेचे बुडबुडे रोलरनं काढायचे कसे, थर वाळला की पॉलिश पेपरनं घासून मगच दुसरा थर द्यायचा, समदं जमायला लागलं. अंगाची आग व्हायची, काचेची कुसळं बाहीत शिरायची, रात्रभर खाजवत बसायचं. पण खरं सांगू, ते चार महिने मी लय खुशीत होतो. पोरगी दिवसभर माझ्याशी भांडायली होती, आजाराचं नाव निघत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी दरवाज्याचे आतले थर झाले, घासून तयार झाले. वरचे दोन थर राहिले होते. आन आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराला हात लावत न्हाईत. समदी हत्यारं धुवून, मांडून पूजा करायची, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. बबितानं हातोड्या पुजल्या, गॅसची टाकी पुजली, ग्राइंडर पुजला. मंग गेली त्या दरवाज्याकडं. बाकीच्याला तिनं बोट टेकवल्यावानी कुंकू लावलं, पण दरवाज्याला तिनं आधी तेलाच्या फडक्यानं बिजागरीपासून पार खालपर्यंत पुसलं, कुंकू धरावं म्हणून. मग तेलात कुंकू कालवून झकास स्वस्तिक काढलं. डोळे मिटून किती तरी येळ उभी होती. काय मागायली होती ते विचारायची गरज नव्हती.

दसऱ्यानंतर मी कामाला बसलो. पॉलिश पेपर हातात घेतला आन स्वस्तिकापाशी थांबलो. मी पोरीकडं बघितलं, पोरीनं माझ्याकडं बघितलं.

"घासायचं का गं?"

"राहू द्या पप्पा," ती म्हणली. "वरून थर येणारच हाय. आत राहील आईचं."

मला बी बरं वाटलं. आईनं काढलेलं पोरीच्या गाडीच्या पोटात राहील, ह्याच्यात वाईट काय? कोरड्या फडक्यानं धूळ झटकली आन दिले वरचे थर. तेल पार आत मुरलंय, हे तिच्या बी डोक्यात आलं न्हाई आन माझ्या बी.

दरवाजा बसवला. काय दिसायला होता! पिवळा रंग दिला, पोरीनंच निवडला. थंडी पडायला लागली होती. एका सकाळी ती म्हणली, आज बसून बघते. खुर्ची लावली, फळी टाकली. मी शेजारी उभा, पण हात पाठीमागं धरून, कारण हात पुढं केला की ती चिडायची. तिनं दरवाज्यावर कोपर टेकलं, भार दिला, आन कर्र्कन आवाज झाला. बिजागरीपाशी वरचा थर पापुद्र्यावानी उलगडत गेला, दरवाजा खाली लोंबला आन माझी पोरगी फरशीवर. पाठीमागं धरलेले हात पुढं येईपर्यंत समदं होऊन गेलं होतं.

तिला खाटेवर निजवली आन मी परत शेडमधी आलो. त्या दरवाज्याला लाथ घालायची होती मला. उलगडलेला थर हातात धरला आन बघितलं. आत लालभडक स्वस्तिक, काल काढल्यावानी. भोवती तेलाचा चट्टा, आन तेवढ्याच चट्ट्यात फायबरनं फायबरला धरलं नव्हतं.

लाथ तिथंच राहिली. मी शिव्या देणारा माणूस, पण त्या दिवशी शिवी कुणाला द्यायची तेच सुचंना. बबिताला? तिनं तर देवाकडं पोरगीच मागितली होती. मी ग्राइंडर लावला आन बबिता घरातून चहा घेऊन यायच्या आत ते कुंकू खरवडून टाकलं. ती म्हणली, कशानं तुटलं हो? मी म्हणलो, माल हलका निघाला. रात्री अपेक्षानं मला हाक मारून हळूच विचारलं, "आतून सुटलं ना?" मी मान हलवली. ती म्हणली, "आईला सांगू नका." आजवर सांगितलं न्हाई.

हाड मोडलं न्हाई म्हणून आमी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण कमरेला मार होता, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं. आन ह्या आजारात पडून राहिलं की जे पडतं ते परत उठत न्हाई. उठून बसली तवा पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत न्यायला दुसरा हात लावायला लागली. मी डॉक्टरला विचारलं, पडली म्हणून झालं का हे? तो म्हणला, आज ना उद्या होणारच होतं. आज ना उद्या! अरे, मला तेवढाच मधला येळ पायजे होता ना. हे त्याला कसं सांगावं?

मी दरवाजा नव्यानं केला. येड्यासारखा केला. जेवायला बोलावलं तरी जायचो न्हाई. एक एक थर घासला, पुसला, परत घासला. हात चालले तेवढे चालवले. पण मी हिकडं थर चढवायचो आन तिकडं तिचा एक एक उतरायचा, माझ्या डोळ्यांदेखत. ह्या स्पर्धेत मी हरायलोय हे मला दिसायलं होतं, आन तिला बी.

फेब्रुवारीत गाडी पुन्हा उभी केली. गावाबाहेर शेताकडं जायला नवा डांबरी रस्ता झालाय, तिथं ट्रॉलीवर घालून नेली. बबिता आन बजरंग मागं थांबले. अपेक्षानं फळीवरून सरकायला लय येळ लावला. मधी थांबायची, दम खायची, परत सरकायची. पण बसली. कुणी हात लावला न्हाई. नव्या दरवाज्यानं हूं का चूं केलं न्हाई. मी शेजारी बसलो.

चालवली की हो तिनं! सरळ रस्ता, दोन्ही बाजूला तुरीची धसकटं, वारं तोंडावर. आधी हळू, मंग जरा जोरात. केस उडायले होते आन ती मोठ्यानं हसायली होती, बासुंदीच्या दिवशी हसली होती त्याच्या दुप्पट. मला वाटलं, जिंकलो. मला खरंच वाटलं.

पुढं वळण आलं. लय मोठं न्हाई, साधं वळण. तिनं स्टेअरिंग धरून ओढलं. दात आवळले, मानेची शीर फुगली. चाक थोडं हललं आन थांबलं. खांदा पुढं येईना. गाडी सरळच निघाली रस्ता सोडून. मी हात टाकणार तेवढ्यात तिनं ब्रेक ओढला. पुढची दोन चाकं मातीत, इंजिन बंद.

ती रडली न्हाई. स्टेअरिंगवरचे हात तिनं मांडीवर घेतले, एकामागं एक, वस्तू उचलून ठेवल्यावानी. मंग म्हणली, "पप्पा, तुमी बसा हिकडं."

मी उतरलो, तिच्या बाजूला गेलो. तिला कुणी उचलू नये म्हणून हा दरवाजा दोनदा बनवला होता मी. त्याच दरवाज्यातून तिला उचलली, वळसा घालून दुसऱ्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. ती चिडली न्हाई. चिडली असती तर बरं झालं असतं.

मी स्टेअरिंगवर बसलो, चावी फिरवली. ती समोर बघूनच म्हणली, "आरसा तुमच्या हिशोबानं करून घ्या पप्पा. मी माझ्या हिशोबानं लावलाय."

मी "हो" म्हणलो. आरशाला हात लावला न्हाई. मला त्याच्यात मागचं काहीच दिसत नव्हतं, तशीच गाडी हळूहळू घरापर्यंत आणली.